रुमालाखालची बोली

शैलजा आरवाडे हिनं बेचाळीस वर्षांपूर्वी, शाळेत लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात, सातवीच्या वर्गाला एक प्रश्न विचारला होता. वर्गातल्या सगळ्या मुलींना सरासरीपेक्षा जास्त मार्क मिळू शकतील का? मागच्या बाकावरून उत्तर आलं होतं, "सगळ्यांनी मन लावून अभ्यास केला तर मिळतील, बाई." त्या वेळी सगळा वर्ग हसला होता, बाईही हसल्या होत्या. आता दोन हजार एकोणचाळीस सालच्या एका बुधवारी, सांगलीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात दोनशे पानी वहीसमोर बसलेली असताना शैलजाला तो प्रश्न आठवला, आणि या खेपेला हसू काही आलं नाही.

वहीत तीन रकाने होते. मनगटावरच्या पट्टीनं इशारा कधी दिला, बाजार कधी पडला, आणि दोहोंत मिनिटं किती. गणित शिकवलेल्या बाईला रकाने आखल्याशिवाय चैन पडत नाही. चौदा महिन्यांपूर्वीच्या पानावर तिसऱ्या रकान्यात सतरा, सोळा, अठरा असे आकडे होते. दिवाळीनंतर ते नऊवर आले. संक्रांतीला चार. गेल्या सोमवारी शून्य. आणि आज इशारा आला तेव्हा कुणी घाबरावं असं काहीच घडलेलं नव्हतं, बातमी नव्हती, अफवा नव्हती. आधी पट्टी थरथरली, मग लोक घाबरले, मग बाजार पडला. दीड टक्का पडला आणि सावरला.

म्हणजे विजेच्या आधी गडगडाट झाला होता.

पट्टीचं नाव ‘चाहूल’. तिच्यामागचं शास्त्र समजायला अवघड नव्हतं. शेअर विकायचा निर्णय माणसाचं डोकं घेतं असं आपण समजतो, पण अंग तो आधीच घेऊन मोकळं झालेलं असतं. तळव्याला बारीक घाम सुटतो, त्यामुळे कातडीतून वीज जास्त सहज वाहते, श्वास वर वर होतो, नाडीचे ठोके एका ठेक्यात पडू लागतात. मग पंधरा-वीस मिनिटांनी माणूस म्हणतो, आता विकावं. तब्येतीसाठी म्हणून लाखो लोकांच्या मनगटावर पट्ट्या होत्याच. पुण्याच्या एका कंपनीनं त्यांतल्या गुंतवणूकदारांच्या नाड्या एकत्र मोजून दर मिनिटाला भीतीचा एक आकडा काढायला सुरुवात केली. आकडा चढला की पट्टी लाल होई; विका. उतरला की हिरवी; घ्या. घाबरलेल्या माणसाच्या पंधरा मिनिटं आधी विकायला मिळालं तर आणखी काय पाहिजे?

शैलजाला याचं नवल वाटलं नव्हतं. तिचे वडील, अण्णा, सांगलीच्या हळद पेठेत अडते होते. शेतकऱ्याची हळद विकून द्यायची आणि अडत घ्यायची, हा धंदा. तेव्हा सौदे उघड ओरडून होत नसत. ढिगाशेजारी अण्णा उभे राहत, हातावर पांढरा रुमाल टाकत, आणि एकेक व्यापारी रुमालाखाली हात घालून त्यांची बोटं दाबून आपला भाव सांगे. शेजारच्याला पत्ता लागत नसे. फ्रॉकमधली शैलजा पोत्यांवर बसून ते बघत असे, आणि तिच्या नाकात हळदीचा तो उग्र वास इतका बसला होता की अजूनही पिवळी साडी बघितली तरी तिला शिंक येई. अण्णा म्हणायचे, "बोटं आकडा सांगतात, पण तळवा खरं सांगतो. घाम सुटलाय म्हणजे गिऱ्हाईक अजून चढणार."

एकदा एका नवख्या व्यापाऱ्याचा हात थरथरत होता. त्याला झेपणार नाही एवढा भाव त्यानं दाबला, अण्णांना कळलं, तरी अण्णांनी तोच आकडा लावला. वर्षाच्या आत तो पोरगा बुडाला. अण्णा पुढं वर्षभर त्याच्या घरी धान्य पोचवत राहिले. आईनं विचारलं, कळलं होतं तर थांबवायचं नाही का? अण्णा म्हणाले, "रुमालाखाली कळलेलं रुमालातच ठेवायचं. आणि आकडा आला तसा बोलायचा. तो फिरवायचा अधिकार माझा नव्हे."

गुरुवारी सकाळी तिनं भाच्याला फोन लावला. निरंजन, तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, त्याच पुण्याच्या कंपनीत होता. चाहूल तिनं घेतली ती त्याच्याच सांगण्यावरून, आणि भिशीत आणली तीही तिनंच.

"निरंजन, एक सांग. चाहूल आता किती जणांकडे आहे?"

"साठ लाख, मावशी. का गं?"

"आणि ती कोणाची नाडी मोजते?"

"बाजारातल्या लोकांची."

"बाजारातले लोक म्हणजे तेच साठ लाख ना? मांडवात माईक कर्ण्यासमोर धरला की काय होतं?"

"मावशी..."

"किंचाळतो. पट्टी लाल झाली की माझ्या छातीत धस्स होतं. ते धस्स पट्टी मोजते. मोजलं की आणखी लाल होते. अरे, आता ती बाजार ऐकतच नाही. स्वतःचाच आवाज ऐकते."

"हे आम्ही वर कळवलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "तीनदा."

"तुझ्या हातात पट्टी आहे?"

"नाही." मग तो घाईघाईनं म्हणाला, "मावशी, तुमच्या बायकांचे पैसे काढून घे. आजच."

बायका म्हणजे ‘बाराखडी’ भिशी. बारा जणी, सगळ्या साठीच्या पुढच्या. कुणी विधवा, कुणी बिनलग्नाच्या, कुणाची मुलं परदेशात, तर कुणाची मुलं सांगलीतच पण असून नसल्यासारखी. पस्तीस वर्षं दर महिन्याला जमून पोहे-चिवडा खाल्ल्यावर त्यांनी एक बेत ठरवला होता: बारा जणींनी एकच घर घ्यायचं आणि शेवटपर्यंत तिथं राहायचं. कुणाच्या सुनेला बोचायचं नाही, कुठल्या आश्रमाच्या रांगेत उभं राहायचं नाही. विश्रामबागेतला डॉक्टर बेडग्यांचा बंगला ठरला होता. खाली सात खोल्या, वर पाच, मागं चिंचेचं झाड. दोन कोटी साठ लाख. सोमवारी बारा वाजेपर्यंत पैसे भरायचे, नाहीतर बिल्डर टपलेलाच होता. चौदा महिन्यांपूर्वी प्रत्येकीनं पंधरा लाख शेअरमध्ये घातले होते. तेवढ्या काळात बाजार तेरा टक्के वाढला, भिशी एक्केचाळीस. आता दोन कोटी चोपन्न झाले होते.

सहा लाख कमी.

दुपारी बारा वाजता हेमलता गाडवेच्या हॉलमध्ये सगळ्या जमल्या. हेमलता शैलजाची पहिलीपासूनची मैत्रीण. बँकेत कॅशियर होती, नवरा लवकर गेला, आणि मुलानं दोनदा "आई, तू आमच्याकडंच ये" म्हणून नेऊन दोनदा परत आणून सोडली होती. भिशीच्या खात्यावर दोघींचे अंगठे लागत. एकीच्या अंगठ्यानं काही विकलं जात नसे.

शैलजानं वही उघडून सगळं समजावलं. कर्णा, माईक, मिनिटं.

"झालं तुझं?" हेमलता म्हणाली. "आता माझी पट्टी बघ. हिरवीगार. चौदा महिने हिनं एकदा तरी फसवलं का आपल्याला?"

"तेव्हा ती चाळीस हजार जणांकडे होती, हेमा. बाकीचे हरत होते म्हणून आपण जिंकत होतो. आता सगळ्यांकडेच आहे. सगळ्या वर्गाला सरासरीच्या वर मार्क..."

"बाई, वर्ग सुटला," सुमती कोले म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. सुमती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी ऐकल्यामुळे तिला कुठं तोडायचं ते अचूक कळे.

"सहा लाख मी घालते," शैलजा म्हणाली. "पाटल्या मोडते."

"तुझ्या पाटल्यांचे दीड येतील. साडेचार कुठून आणणार? एक दिवस, शैला. उद्या अडीच टक्के चढला की बास. मी स्वतः अंगठा लावते. आज नाही लावायची."

"आणि पडला तर?"

हेमलतानं तिच्याकडे बघितलं. "हे भाड्याचं घर तर सुटणारच आहे; पडला तर मी परत मुलाच्या घरी. म्हणूनच सांगते, सहा लाख कमी पडून चालणार नाहीत मला."

शैलजानं वही मिटली. सगळे आकडे बरोबर होते, तरी मिटली.

शुक्रवारी सव्वादहाला बाजार अर्धा टक्का वर होता. हेमलतानं टीव्ही लावला होता, शिरा केला होता. दहा बावन्नला कुणाच्या तरी पट्टीनं गुर्र केलं. मग बारा मनगटं एकदम थरथरली. हॉलमध्ये भुंगे सोडल्यासारखा आवाज झाला.

"लाल गं," कुणीतरी म्हणालं.

टीव्हीवरची रेघ जिना उतरल्यासारखी उतरू लागली. दोन टक्के. साडेतीन. बातम्यांवाली मुलगी सांगत होती की कारण समजू शकलेलं नाही. शैलजाला कारण माहीत होतं. तिच्याच छातीत ते धडधडत होतं, आणि मनगटावरची पट्टी ते इमानेइतबारे मोजून पुण्याला पाठवत होती. सहा टक्के. हेमलताचा फोन तिच्या हातातून निसटून शिऱ्याच्या पातेल्यात पडला. ती पुसत होती आणि म्हणत होती, "अंगठा लाव शैला, अंगठा लाव, लवकर लाव..." शैलजानं अंगठा पुढं केला, पण तुपानं माखलेला तो पडदा कुणाचाच अंगठा ओळखेना. आठ टक्के. नऊ.

अकरा वाजून चार मिनिटांनी बाजार दहा टक्के पडला आणि बंद झाला. नियमच तसा होता: दहा टक्के पडला की पाऊण तास सगळं थांबवायचं. टीव्हीवरची रेघ जागच्या जागी गोठली. दोन कोटी अठ्ठावीस.

हॉलमध्ये कुणीतरी रडत होतं. पट्ट्या अजून गुरगुरत होत्या.

"पोळ्यांचा डबा कुठं आहे?" शैलजानं विचारलं.

"काय?"

"डबा, हेमा. मोठा. स्टीलचा."

तिनं आधी स्वतःची पट्टी काढून डब्यात टाकली. मग डबा घेऊन एकेकीपुढं गेली, देवळात आरतीचं ताट फिरवतात तशी. सुमतीची पट्टी निघता निघेना, सात महिने काढलीच नव्हती. खाली कातडी पांढरी पडली होती. बारा पट्ट्या आत पडल्यावर शैलजानं झाकण लावलं. आतून खडखडाट येत राहिला. तिनं डबा उचलून मोरीत नेऊन ठेवला आणि दार लावून घेतलं.

"आता बोला."

बोलणं म्हणजे गोंधळच होता. उघडल्या उघडल्या विका, निदान दोन कोटी तरी हाताला लागतील. नको, थांबा. दुसरीकडे छोटं घर बघू. दोन कोटीत बारा जणी कुठं मावणार? एकीचं बोलणं ऐकून दुसरीचं मत फिरत होतं, दुसरीच्या चेहऱ्याकडे बघून तिसरीचं. शैलजाला वाटलं, पट्ट्या मोरीत ठेवल्या तरी इथं माईक आणि कर्णा समोरासमोर आहेतच.

तिनं पिशवीतून रुमाल काढला. अण्णांचाच, धुऊन धुऊन पातळ झालेला, एका कोपऱ्यात कधीच न गेलेला हळदीचा डाग. का कोण जाणे, सकाळी निघताना तिनं तो पिशवीत टाकला होता.

"एकेकीनं यायचं," ती म्हणाली. "रुमालाखाली माझा हात धरायचा. विकायचं असेल तर एक बोट दाबायचं. थांबायचं असेल तर पूर्ण पंजा. कुणी कुणाला विचारायचं नाही, आत्ताही नाही आणि नंतरही नाही. मी फक्त निकाल सांगेन."

"आणि तो सगळ्यांनी मानायचा?" सुमतीनं विचारलं.

"सगळ्यांनी."

"मग चालेल की," हेमलता म्हणाली. "शैला खोटं बोलायची नाही. तिच्या बापानं कधी आकडा फिरवला नाही, सगळ्या पेठेला ठाऊक आहे."

बाजार उघडायला एकवीस मिनिटं होती.

पहिला हात आला. गार, ओला. एक बोट. दुसरा. एक बोट. तिसरीनं पंजा धरला, घट्ट, पोरीनं जत्रेत आईचा धरावा तसा. शैलजा डोळे मिटून उभी होती. सुमतीनं एक बोट दाबलं, पण इतकं हलकं की ते बोट माफी मागत असल्यासारखं वाटलं. शेवटी हेमलता आली. तिनं एक बोट दाबलं, नख रुतेपर्यंत. तिचा तळवा भिजून चिंब झाला होता आणि मनगटातली नाडी एखादं पाखरू पकडल्यासारखी उडत होती.

सात जणी विका म्हणाल्या होत्या. चार थांबा. स्वतःचा पंजा धरला तरी पाच.

शैलजानं रुमाल काढला नाही. हात तसाच रुमालाखाली ठेवून ती उभी राहिली. सात हातांपैकी एकही कोरडा नव्हता. ती स्वतःला सांगत होती की ही मतं त्यांची नाहीत, ही मोरीतल्या डब्याची मतं आहेत. बोटांनी विका म्हटलंय, पण तळवे फक्त घाबरलेत. कारखाने काल होते तिथंच आहेत. पोत्यातली हळद हलकी झालेली नाही. पाऊण तास थांबल्यावर लोकांच्या छात्या निवतील.

आणि तिला हेही कळत होतं की बोटांवर विश्वास न ठेवता तळव्यावर ठेवणं, माणूस काय म्हणतो ते सोडून त्याचा घाम मोजणं, हेच तर ती पट्टी करत होती. आणि पट्टी निदान आकडा आला तसा सांगत होती.

"काय आलं?" हेमलतानं विचारलं.

"थांबायचं," शैलजा म्हणाली. "आठ विरुद्ध चार."

हेमलता टीव्हीसमोर जाऊन बसली.

अकरा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी बाजार उघडला आणि पडला. अकरा टक्के. साडेबारा. साडेतेरा. भिशीचे दोन कोटी वीस राहिले. टीव्हीचा आवाज कुणीतरी बंद केला होता, त्यामुळे हेमलताचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. शैलजा खुर्चीत ताठ बसली होती आणि मांडीवरच्या रुमालाची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. आयुष्यात ती इतकी कधीच घाबरली नव्हती, आणि ते मोजायला तिच्या मनगटावर काहीही नव्हतं.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी टीव्हीच्या तळाशी बातमी फिरली: सरकारी आदेशानं चाहूल बंद. मोरीतला खडखडाट एकदम थांबला. ते थांबेपर्यंत तो चालू होता हे सगळ्या विसरूनच गेल्या होत्या.

बाजार चढू लागला, पण आजारातून उठलेल्या माणसासारखा, बसत, थांबत. तीन वाजून वीस मिनिटांनी दोन कोटी एक्कावन्न झाले, आणि मतदान वगैरे काही न करता सगळ्या एकदम ओरडल्या, "विका!" हेमलतानं फोन आणि अंगठा दोन्ही साबणानं धुऊन आणले. दोन अंगठे लागले.

नऊ लाख कमी होते. हेमलतानं आपले तोडे काढून टीपॉयवर ठेवले, लग्नातले. "आता यांचं काय करायचंय मला?" शैलजाच्या पाटल्या, सुमतीची ठेव, डॉक्टर बेडग्यांनी सोडलेले पन्नास हजार. सोमवारी साडेअकराला पैसे भरले.

बंगल्यात राहायला येऊन तीन महिने झाले होते. चिंचेखाली खुर्च्या टाकलेल्या, दुपारचा चहा चाललेला. कुंपणाच्या रंगासाठी आणि गच्चीच्या गळतीसाठी, भाड्यानं दिलेल्या जुन्या घरांच्या अनामतीतून आणि पेन्शनीतून प्रत्येकीनं बाजूला काढलेले मिळून अकरा लाख जमले होते.

"हे बँकेत कुजत ठेवायचे नाहीत," हेमलता म्हणाली. गेले तीन महिने तिचा आवाज वीस वर्षांनी तरुण झाला होता. "यंत्र हरलं, पण आपण हरलो नाही. दर महिन्याच्या एक तारखेला रुमाल टाकायचा. घ्यायचं का विकायचं, हात सांगतील. कोपऱ्यावरच्या दोन भिश्या पण यायच्या म्हणतात. मी सगळीकडे सांगितलंय, आमच्या शैलाच्या रुमालानं बाजाराला हरवलं."

सुमती म्हणाली, "काल माझी नणंद विचारत होती, रुमाल तिच्या घरी न्यायचे किती घेणार?"

सगळ्या हसल्या. हेमलतानं आत जाऊन रुमाल आणला, इस्त्री केलेला, आणि शैलजापुढं ठेवला.

शैलजानं त्याच्याकडे बघितलं. तिला हे कधीच सांगायचं नव्हतं. न सांगता मरून जायची तिची तयारी होती. पण गच्ची गळत होती, दोन भिश्या यायच्या म्हणत होत्या, आणि हेमलताचे तोडे या भिंतींमध्ये गेले होते.

"त्या दिवशी सात जणींनी विका म्हटलं होतं," ती म्हणाली.

सुमतीनं कप खाली ठेवला.

"म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

"आकडा मी फिरवला. रुमालानं कुणाला हरवलं नाही. मी खोटं बोलले, आणि नशीब आडवं आलं नाही. एवढंच झालं. पुढच्या खेपेला काय होईल ते मला माहीत नाही, रुमालालाही नाही, कुणालाच नाही."

हेमलता उभीच होती. "मी एक बोट दाबलं होतं. नख रुतेपर्यंत."

"माहीत आहे."

"तुला कळलं नाही असं नव्हे."

"कळलं होतं."

"आणि पडतच राहिला असता तर? मी मुलाच्या दारात पिशवी घेऊन उभी राहिले असते, तेव्हा सांगितलं असतंस?"

शैलजानं रुमाल बाजूला सरकवला. "नाही," ती म्हणाली. "बहुतेक नसतं सांगितलं."

हेमलतानं कप उचलले. सगळ्यांचे, शैलजाचा सोडून, आणि ती आत गेली.

अकरा लाख बँकेतच राहिले. त्यातून गच्ची झाली, कुंपण झालं. बाकीच्या जणी आठवडाभर फुगल्या, मग बोलू लागल्या. सुमतीनं तर शैलजाला ‘अडत्याची लेक’ असं नावच पाडलं. रुमाल कुणीतरी स्वयंपाकघरात बेसिनशेजारच्या खिळ्याला अडकवला आणि सगळ्या त्याला हात पुसू लागल्या. हळदीचा डाग इतर डागांत मिसळून गेला.

हेमलता मात्र पदराला हात पुसायची.

पावसाळा गेला, दिवाळीची कामं सुरू झाली. एका सकाळी चकलीच्या पिठात कोपरापर्यंत माखलेले हात तिनं नळाखाली धुतले, वळली, आणि सवयीनं म्हणा किंवा घाईनं म्हणा, तिचा ओला हात खिळ्यापर्यंत गेला. तिथंच थांबला. शैलजा शेजारी कोथिंबीर निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"धुतलास का गं हा कधी?" हेमलतानं विचारलं.

चार महिन्यांत ती शैलजाशी आपण होऊन बोललेलं हे पहिलं वाक्य.

"कालच धुतला."

"बरं," हेमलता म्हणाली, आणि तिनं पदराला हात पुसले.